गोठणे, थिजणे, विरजणे : दुग्धपदार्थांचा शीतसंचय आणि मराठी क्रियापदे

मराठी पाकशास्त्रविषयक लेखनात ‘मिश्रण फ्रीज करावे’ ही सूचना आता सर्रास आढळते. तिचा अर्थ मात्र सर्वत्र एकच लावला जात नाही. कोणी मिश्रण शीतकपाटाच्या खालच्या खणात ठेवतो, तर कोणी वरच्या बर्फाच्या कप्प्यात. पहिल्या ठिकाणचे तापमान सामान्यतः ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. दुसऱ्या ठिकाणी ते शून्याच्या बरेच खाली, आणि चांगल्या शीतपेटीत उणे १८ अंशांपर्यंत गेलेले असते. दही पहिल्या जागी काही दिवस सुस्थितीत राहते. दुसऱ्या जागी ते टिकते, परंतु बाहेर काढल्यावर त्याचे पाणी व चोथा निराळे झालेले दिसतात. एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे पदार्थ बिघडावा, हे भाषेच्या अभ्यासकानेही विचारात घेण्याजोगे आहे.

ह्या संदिग्धतेचे मूळ ध्वनिव्यवस्थेत आणि लिपीत आहे. शीतकपाटाचा वाचक ‘फ्रीज’ हा शब्द आणि ‘फ्रीज करणे’ ह्या क्रियापदातील ‘फ्रीज’ हे इंग्रजीतील दोन निरनिराळ्या शब्दांवरून आलेले आहेत. पहिल्याच्या शेवटी ‘जग’ ह्या शब्दातील तालव्य ज आहे; दुसऱ्याच्या शेवटी येणारा मूळ ध्वनी मराठी भाषक ‘जाळे’ ह्या शब्दातील दंततालव्य ज ने साधतो. मराठीत हे दोन्ही उच्चार नांदत असले, तरी त्यांना अक्षर एकच आहे. शिवाय इंग्रजीत पहिल्या शब्दात ऱ्हस्व आणि दुसऱ्यात दीर्घ असलेला स्वर मराठी लेखनात दोन्ही ठिकाणी बहुधा दीर्घच लिहिला जातो. परिणामी कानाला जो भेद थोडाफार जाणवतो, तो कागदावर पूर्णपणे नाहीसा होतो. ‘फ्रीजमध्ये ठेवणे’ आणि ‘फ्रीज करणे’ ह्या दोन भिन्न क्रिया एकरूप भासू लागतात.

वस्तुतः द्रव पदार्थ घट्ट होण्याच्या निरनिराळ्या प्रकारांसाठी मराठीजवळ शब्दांची वाण नाही. दुधाच्या संदर्भात तर ही क्रियापदे इतक्या नेमकेपणाने वापरली जातात, की कोणता दुग्धपदार्थ गोठवावा व कोणता गोठवू नये, ह्या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तरही त्यांच्या आधारे बऱ्याच अंशी देता येते. हा संबंध उलगडून दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. घट्ट होण्याची क्रियापदे

तूप थिजते, पाणी गोठते, दूध विरजते, दूध नासते किंवा फाटते, दूध आटते आणि पिठले आळते. ह्या सहाही प्रसंगी पातळ वस्तू कमीअधिक घट्ट होते. तथापि ‘पाणी विरजले’ किंवा ‘पिठले थिजले’ असे सामान्यतः कोणी म्हणत नाही. क्रियापदाची निवड पदार्थाच्या अंतिम स्थितीवरून होत नसून, ती स्थिती कोणत्या कारणाने आली त्यावरून होते.

थिजणे हा प्रामुख्याने स्निग्ध पदार्थांचा धर्म होय. हिवाळ्याच्या सकाळी तूप व खोबरेल तेल थिजते. त्यासाठी बर्फाइतक्या थंडीची गरज नसते. गोठणे ह्या क्रियापदाचे क्षेत्र काहीसे विस्तृत आहे. रक्त गोठते, असेही आपण म्हणतो. परंतु थंडीच्या संदर्भात गोठणे म्हणजे मुख्यतः पाण्याचे बर्फ होणे. विरजणे ही क्रिया बाहेरून घातलेल्या विरजणावर अवलंबून आहे. विरजणातील जीवाणू दुधातील शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे दुधातील केसीन नावाचे प्रथिन जाळीसारखे जुळून दही लागते. नासणे व फाटणे ह्यांतही बहुधा आम्लाचाच हात असतो. परंतु तेथे अखंड जाळी न बनता प्रथिनांच्या गुठळ्या होतात व निवळी सुटते. आटणे म्हणजे उष्णतेने पाणी उडून जाणे. आळणे हा मुख्यतः पिठूळ पदार्थांचा गुण. त्यात पाणी उडून न जाता पिठाच्या कणांत शोषले जाते.

ह्या क्रियापदांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या परतीच्या वाटेत आहे. गोठलेले पाणी वितळते. थिजलेले तूप पाघळते. मीठ मात्र पाण्यात विरघळते. ते वितळते असे म्हणणे मराठी कानाला खटकते. आटवलेल्या दुधात पाणी घालून ते पुन्हा पातळ करता येते. विरजलेल्या दुधाला मात्र असा परतीचा शब्दच नाही. दही मोडते, ते घुसळता येते, त्याचे ताक व लोणी होते. पण ह्या सर्व क्रिया पुढे जाणाऱ्या आहेत. दह्याचे पुन्हा दूध होणे हे व्यवहारात नाही, म्हणून भाषेतही नाही. नासलेल्या व फाटलेल्या दुधाचीही तीच गोष्ट.

लाक्षणिक प्रयोगांतही हा भेद जपलेला दिसतो. भीतीने थिजलेला माणूस काही वेळाने भानावर येतो. रागावलेला माणूस स्तुतीने पाघळतो. उत्साहावर विरजण पडले, म्हणजे मात्र तो उत्साह गेला, असेच समजावयाचे. घरातील दूधदुभत्याचा अनुभव भाषेत किती खोलवर मुरला आहे, ह्याची ही साक्ष होय.

२. बर्फ आणि कुलफी

ह्या क्रियापदांपैकी गोठणे ह्या क्रियेचा प्रत्यक्ष अनुभव महाराष्ट्रात सर्वांत विरळ होता. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, त्याची वार्ता होते. ह्यावरूनच त्याचे दुर्मीळत्व ध्यानात यावे. घन पाण्यासाठी रूढ असलेला जुना शब्द म्हणजे गार, आणि गारा आकाशातून पडतात. हिम हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला, तर बर्फ हा फारसीतून. फारसीत बर्फ म्हणजे आकाशातून पडणारे हिम. गोठलेल्या पाण्याला तेथे यख हा निराळा शब्द आहे. मराठीने ह्यांपैकी पहिलाच शब्द घेतला आणि तो दुसऱ्याच्या अर्थी रूढ केला. ज्या प्रदेशात दोन्ही वस्तू क्वचितच दिसत, तेथे हा भेद राखण्याचे प्रयोजन नव्हते.

कृत्रिम शीतनाची माहिती मात्र उत्तर भारतात जुनी आहे. अकबराच्या दरबाराचे वर्णन करणाऱ्या ‘आईन-इ-अकबरी’ ह्या ग्रंथात सोऱ्याच्या साहाय्याने पाणी थंड करण्याची रीत सांगितलेली आहे. पर्वतप्रदेशातून हिम आणवण्याच्या व्यवस्थेचाही तेथे उल्लेख आहे. पुढे १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर ह्या अमेरिकन व्यापाऱ्याने बॉस्टनहून पाठविलेला नैसर्गिक बर्फ जहाजाने कलकत्त्यास पोचला, आणि लवकरच मुंबई व मद्रास येथेही असा बर्फ येऊ लागला. बर्फ तयार करणारी यंत्रे आल्यावर हा व्यापार संपला. १९५८ साली गोदरेज कंपनीने भारतात शीतकपाटांचे उत्पादन सुरू केले, आणि त्यानंतरच्या दशकांत बर्फाचा कप्पा मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात हळूहळू स्थिरावला.

दूध गोठवून खाण्याचा भारतीय प्रकार म्हणजे कुलफी. हा शब्द झाकणाच्या भांड्याचा वाचक असलेल्या फारसी शब्दाशी जोडला जातो, आणि त्याच्या मुळाशी कुलूप ह्या अर्थाचा अरबी ‘कुफ्ल’ हा शब्द आहे. मराठीतील ‘कुलूप’ हाही त्याच अरबी शब्दाचा वर्णविपर्ययाने झालेला अवतार होय. दाराचे कुलूप व साच्यातील कुलफी ह्यांचे हे नाते केवळ मौजेचे नाही. बर्फ व मीठ ह्यांच्या मिश्रणात बुडवावयाचे भांडे घट्ट बंद असणे, हीच ह्या कृतीतील मुख्य अट होती. आणि तीच नावात उरली आहे. मीठ योग्य प्रमाणात मिसळल्यास बर्फाचे तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. दूध गोठविण्यास तेवढी थंडी पुरेशी होते.

कुलफीच्या कृतीत आणखी एक शहाणपण आहे. आइसक्रीम तयार करताना मिश्रण गोठत असताना सतत ढवळावे लागते, म्हणजे बर्फाचे स्फटिक लहान राहतात व मिश्रणात हवा मिसळते. कुलफी ढवळत नाहीत. परंतु तिचे दूध आधीच आटवलेले असते. पाणी कमी झाल्याने बर्फही कमी होतो, आणि वाढलेल्या साखरेमुळे व घन अंशामुळे स्फटिकांच्या वाढीस अडथळा येतो. आटवणे ही एक क्रिया गोठवणे ह्या दुसऱ्या क्रियेचा दोष आधीच झाकून ठेवते. पुढील विवेचनात हे तत्त्व पुन्हा उपयोगी पडेल.

३. दूध गोठते तेव्हा काय होते

गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. म्हशीच्या दुधात ते काहीसे कमी, म्हणजे ८२ ते ८३ टक्के असते. ह्या पाण्यात लॅक्टोज ही शर्करा व काही क्षार विरघळलेले असतात. केसीनचे अतिसूक्ष्म पुंज तरंगत असतात. आणि स्निग्धांशाचे गोलक पातळ आवरणात गुंडाळलेले असतात. विरघळलेल्या द्रव्यांमुळे दुधाचा गोठणबिंदू शून्यापेक्षा किंचित खाली, उणे अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. तो फारसा बदलत नसल्यामुळे दुधात पाणी मिसळले आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी गोठणबिंदूची कसोटी दुग्धशाळांतून वापरली जाते.

दूध थंड होऊ लागले म्हणजे प्रथम शुद्ध पाण्याचे स्फटिक बनतात. शर्करा, क्षार व प्रथिने ह्यांना त्या स्फटिकांत जागा नसते. ती उरलेल्या द्रवात अधिकाधिक दाटीने कोंडली जातात. म्हणून गोठलेल्या दुधाच्या ठोकळ्यातही काही भाग दीर्घकाळ द्रवरूप राहतो आणि त्या भागात क्षारांचे प्रमाण मूळ दुधाच्या कितीतरी पट असते. केसीनचे पुंज स्थिर राहणे हे क्षारांच्या समतोलावर अवलंबून असल्याने, ह्या दाटीत ते एकमेकांस चिकटू लागतात. साठवण लांबली, विशेषतः तापमान वरखाली होत राहिले, तर वितळल्यावर दुधात बारीक कण दिसतात. त्याच वेळी बर्फाचे स्फटिक स्निग्ध गोलकांची आवरणे फाडतात. आवरण गेलेले गोलक परस्परांत मिसळतात व वितळलेल्या दुधावर तवंग किंवा लोण्यासारखे कण येतात.

म्हणजेच दूध गोठविले असता त्यातील पाणी गोठते, स्निग्धांश थिजतो, आणि प्रथिने अंशतः फाटण्याच्या मार्गाला लागतात. तीन घटकांच्या बाबतीत तीन निरनिराळ्या क्रिया एकाच वेळी घडतात. ‘फ्रीज करणे’ ह्या एका शब्दात त्या झाकल्या जातात. मराठी क्रियापदांनी त्या वेगळ्या केल्या की परिणामाचा अंदाज बांधणे सोपे होते. पाणी वितळेल, कारण गोठण्याला परतीची वाट आहे. स्निग्धांश पाघळेल, पण त्याचे मोडलेले आवरण परत येणार नाही. चिकटलेली प्रथिने तर परत सुटणारच नाहीत.

ह्यातून एक सामान्य नियम निघतो. ज्या पदार्थाचे मोल त्याच्या अखंड घडणीत आहे, तो गोठवू नये. ज्याची घडण पुढील कृतीत मोडावयाचीच आहे, तो खुशाल गोठवावा.

४. निरनिराळे दुग्धपदार्थ

ह्या नियमाचे सर्वांत बोलके उदाहरण सायीचे आहे. लोणी काढण्यासाठी रोजची साय शीतकपाटाच्या खालच्या खणात साठवीत गेल्यास थंडीतही वाढू शकणारे जीवाणू तिच्यातील प्रथिनांचे व स्निग्धांशाचे विघटन करतात. साय कडवट होते व तिला वास येतो. हीच साय बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर जीवाणूंची वाढ थांबते. गोठल्यामुळे स्निग्ध गोलकांची आवरणे फाटतात, हे खरे. परंतु घुसळण्याचा उद्देश तरी दुसरा कोणता असतो? रवीने जे काम करावयाचे, त्याचा काही भाग बर्फाने आधीच केलेला असतो. साय पूर्णपणे वितळू देऊन कोमट करावी, विरजण लावावे व मग घुसळावी. उलटपक्षी, साय जशीच्या तशी वाढावयाची असेल किंवा मलई फेसून घ्यावयाची असेल, तर गोठविलेली साय निरुपयोगी ठरते. रश्शात किंवा खिरीत घालण्यास मात्र ती चालते. वर थोडा तवंग आला तरी तो तेथे दोष मानला जात नाही.

लोण्याच्या बाबतीत अडचण अशी नाहीच. दुकानी लोण्यात पाणी जास्तीत जास्त १६ टक्के असते आणि ते स्निग्धांशात बारीक थेंबांच्या रूपाने विखुरलेले असते. थेंब गोठले व वितळले तरी घडण फारशी बिघडत नाही. लोणी हवाबंद वेष्टनात ठेवणे एवढेच आवश्यक. कारण स्निग्धांश आसपासचे वास चटकन शोषून घेतो. तुपात तर पाण्याचा अंश अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. जेथे पाणी नाही तेथे गोठावयाचे काय? तूप केवळ थिजते. लोणी कढविणे हीच त्याला टिकविण्याची रीत होती, आणि ती शीतपेटीहून फार जुनी आहे. कणीदार तूप बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याचे काहीच प्रयोजन नाही.

दुधाचे परिणाम वर आलेच आहेत. चहा, कॉफी, खीर किंवा बासुंदी ह्यांसाठी दूध गोठवून ठेवणे शक्य आहे. मात्र ते आधी तापवून पूर्ण थंड केलेले असावे आणि काही आठवड्यांत वापरावे. यंत्राने एकजीव केलेल्या दुधात स्निग्ध गोलक फार लहान असल्याने त्यावर तवंग कमी येतो. घरी आणलेल्या निरशा म्हशीच्या दुधात तो अधिक दिसतो. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. म्हणून भांडे काठोकाठ भरू नये आणि काचेची बाटली वापरू नये. बर्फाच्या साच्यात दुधाचे वा कॉफीचे ठोकळे करून ते थंड कॉफीत टाकल्यास पेय पाणचट होत नाही, हा एक उपयोग अनेकांना ठाऊक असतो. थंडाई अथवा मस्तानीसारख्या पेयांतही आटवलेल्या दुधाचे ठोकळे साध्या बर्फाहून सरस ठरतात.

दह्याचा प्रश्न निराळा आहे. दही म्हणजे केसीनच्या जाळीत धरून ठेवलेले पाणी. पाण्याचे स्फटिक झाले की ती जाळी जागोजागी तुटते, आणि वितळल्यावर पाणी धरून ठेवणारे कोणी उरत नाही. निवळी एकीकडे व चोथा दुसरीकडे होतो. कवडी दही अशा रीतीने पुन्हा मिळणे नाही. तथापि ज्या दह्याचे ताक, मठ्ठा किंवा लस्सी करावयाची आहे, त्याच्या बाबतीत हा मोडलेपणा अडचणीचा नसतो. घुसळल्यावर ते बऱ्याच अंशी एकजीव होते. कढीसाठी ताक गोठवून ठेवता येते. कढी फुटू नये म्हणून तिच्यात डाळीचे पीठ लावण्याची परंपरागत रीत येथे दुप्पट उपयोगी पडते, कारण पिठामुळे ती आळते आणि तुटलेल्या प्रथिनांना पुन्हा गुठळ्या होण्यास वाव मिळत नाही.

विरजणाची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दह्याची घडण मोडली तरी त्यातील जीवाणू सर्वच्या सर्व मरत नाहीत. चमचाभर दह्याचे लहान ठोकळे करून ठेवल्यास काही काळाने त्यांनीच पुन्हा दही लावता येते. पहिल्या खेपेस ते लागण्यास थोडा अधिक वेळ जातो, इतकेच. दुग्धव्यवसायात विरजणाचे जीवाणू अतिशीत अवस्थेत किंवा गोठवून वाळवून साठविले जातात, ते ह्याच तत्त्वावर. दही गोठवू नये, विरजण गोठवावे, असे म्हणता येईल. वस्तू एकच, तिच्याकडून अपेक्षित असलेले कार्य भिन्न.

चक्का गोठविल्यास त्यातूनही थोडे पाणी सुटते. परंतु साखर घालून श्रीखंड केल्यावर गोठणबिंदू खाली जातो व बर्फाचे प्रमाण घटते, म्हणून श्रीखंड चक्क्यापेक्षा चांगले टिकते. कुलफीच्या संदर्भात जे काम आटवण्याने होते, ते येथे गाळण्याने व साखरेने होते. पनीरमध्ये निम्म्याहून अधिक पाणी असते. गोठवून वितळविलेले पनीर भुसभुशीत होते. त्याचे चौकोनी तुकडे तळावयाचे असल्यास हा दोष जाणवतो. किसून भाजीत वा सारणात घालावयाचे असल्यास जाणवत नाही. तुकडे गरम पाण्यात थोडा वेळ ठेवल्यास ते काहीसे मऊ होतात. खवा मात्र शीतसंचयाला चांगला मानवतो. त्यातील बरेचसे पाणी आटून गेलेले असते, आणि पेढे, गुलाबजाम अथवा बर्फी ह्यांसाठी तो पुन्हा मळावयाचा किंवा परतावयाचाच असतो.

शेवटचे उदाहरण चिकाचे. गाय अथवा म्हैस व्याल्यानंतरचे पहिले दूध शहरात वेळीअवेळी हाती येते, आणि ते गोठवून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. चिकात प्रथिनांचे प्रमाण नेहमीच्या दुधाच्या कित्येक पट असते; त्यांपैकी निवळीतील प्रथिने उष्णतेने घट्ट होतात व खरवस बनतो. विरजण न घालता, केवळ वाफेवर दूध घट्ट होण्याचे हे उदाहरण आहे. गोठविल्याने ह्या प्रथिनांची वाफेवर घट्ट होण्याची शक्ती नाहीशी होत नाही. वितळविताना मात्र घाई करू नये. कढत पाण्यात पिशवी बुडविली तर कडेचा चीक पिशवीतच घट्ट होऊ लागतो. थंड किंवा कोमट पाणीच वापरावे. पशुवैद्यक वासरांसाठी चीक गोठवून ठेवतात, तेव्हा वितळविण्याच्या पाण्याचे तापमान ५० अंशांच्या आत राखण्याची दक्षता घेतात. तेथे हेतू अर्थातच रोगप्रतिकारक प्रथिने वाचविण्याचा असतो.

५. काही आवश्यक दक्षता

गोठविल्याने जीवाणूंची वाढ थांबते. ते सर्व मरत नाहीत. म्हणून बिघडू लागलेला पदार्थ गोठवून सुधारत नाही. वितळल्यावर बिघाड जेथे थांबला होता तेथून पुढे सुरू होतो. पदार्थ ताजा असतानाच लहान लहान भागांत गोठवावा. लहान भाग लवकर गोठतात, आणि जलद गोठण्यात स्फटिक बारीक बनत असल्याने घडणीचे नुकसान कमी होते. एका दाराच्या जुन्या शीतकपाटातील बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत पोचतोच असे नाही; तेथे पदार्थ दीर्घकाळ ठेवू नये. वितळविणे शीतकपाटाच्या खालच्या खणात करावे, आणि एकदा वितळलेला पदार्थ पुन्हा गोठवू नये. वीज वारंवार खंडित होणाऱ्या गावी अर्धवट वितळणे व पुन्हा गोठणे नकळत घडत असते. तेथे खवा, लोणी व साय ह्यांपलीकडे न जाणे इष्ट.

६. परिभाषेचा प्रश्न

शास्त्रीय परिभाषेत गोठणबिंदू, प्रशीतन, शीतकपाट असे शब्द घडविण्यात आले. त्यांपैकी गोठणबिंदू पाठ्यपुस्तकांमुळे रुळला. शीतकपाट लेखनात दिसतो, पण बोलण्यात ‘फ्रीज’नेच जागा घेतली. ह्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. बर्फ, कुलूप आणि पनीर हे शब्दही असेच बाहेरून आले व मराठी झाले. नामाच्या बाबतीत उसनवारीने फारसे बिघडत नाही. नवी वस्तू आपले नाव घेऊन येते. क्रियापदाच्या बाबतीत मात्र अधिक विचार करावयास हवा. ‘फ्रीज करणे’ हे क्रियापद एखादी रिकामी जागा भरत नाही; ते गार करणे, थिजवणे व गोठवणे ह्या तीन भरलेल्या जागांवर एकदम पसरते, आणि त्यांच्यातील भेद पुसून टाकते.

ह्यावरचा उपाय नवा शब्द घडविण्याचा नाही, कारण शब्द आहेतच. पाककृती लिहिणाऱ्याने खालच्या खणासाठी ‘गार करावे’ व बर्फाच्या कप्प्यासाठी ‘गोठवावे’ असे लिहिले, तर वाचकाचा घोटाळा होणार नाही. कोशकारानेही थिजणे व गोठणे ह्यांचा अर्थ ‘घट्ट होणे’ असा देऊन थांबू नये. कोणता पदार्थ, कोणत्या कारणाने, आणि परत पातळ होताना त्याला कोणते क्रियापद लागते, हे तीन मुद्दे नोंदविल्याशिवाय ह्या शब्दांची व्याख्या पुरी होत नाही. बोलींतून ह्या क्रियापदांचा वापर कसा बदलतो, कोकणात खोबरेलासाठी व देशावर तुपासाठी एकच शब्द योजतात काय, तरुण पिढी ‘पाघळणे’ आणि ‘वितळणे’ ह्यांत भेद करते काय, हे प्रत्यक्ष पाहणीचे विषय आहेत आणि पदव्युत्तर अभ्यासकांना ते सहज हाती घेता येण्यासारखे आहेत.

तशी पाहणी लवकर होणे बरे. तूप घरी कढविणारी, साय साठवून लोणी काढणारी आणि विरजण राखणारी माणसे ह्या क्रियापदांचा वापर विचार न करता अचूक करतात. तयार दही व तयार तूप विकत घेणाऱ्या घरात ह्या क्रियाच घडत नाहीत, आणि जी क्रिया डोळ्यांसमोर घडत नाही, तिचे क्रियापद फार काळ अचूक राहत नाही.